वाळूतल्या खुंट्या

२५ एप्रिल १९९९, रविवार. दौंड

चर्चमध्ये उपासनेत बसल्या बसल्या बोर्डिंगमधला शनिवार आठवला. चादरी धुण्याचा दिवस. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला विमल, मध्ये पिळलेली चादर. पीळ घट्ट झाला की विमल हळूच टोक सोडायची आणि मी हौदाशी बसकण मारायची. चादर मळली म्हणून सिस्टर रागवायच्या त्या मलाच. संध्याकाळी विमल आपल्या वाटचा गुळाचा खडा गुपचूप माझ्या हातात ठेवायची.

आठवायचं कारण, पाळकसाहेबांनी आज जाहीर केलं. या वर्षी मुलांच्या शिबिराच्या लीडर विमलबाई. शांतामावशी व्यवस्था पाहतील. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

एकोणीस वर्षं भीमेकाठी तंबू मारून मुलांना शिकवलं ते मी. सकाळी हाताला लागेल त्या कामातून एक धडा काढायचा, हा रिवाजही माझाच. वि.ला भुसावळहून परत येऊन वर्षसुद्धा झालं नाही. नवरा रिटायर झाला म्हणून आली. गळा चांगला आहे, मान्य. मुलं पिल्लांसारखी मागे असतात, तेही मान्य.

व्यवस्था. म्हणजे कांदे, कंदील आणि संडासाचा आडोसा.

२८ एप्रिल, बुध.

वि. आली होती. तू कोणकोणते धडे घ्यायचीस ते सांग म्हणाली. चार-दोन सांगितले. कंदिलाच्या काचेचा, ओल्या सरपणाचा. फार बरे होते ते ठेवून घेतले.

ती गेल्यावर प्रार्थना केली, तिचं नाव घेऊन. मध्येच लक्षात आलं, शिबिरात तिचा आवाज बसावा असं मागते आहे. थांबले. आमेन म्हटलं नाही.

१० मे, सोम. वडगाव रासाई

टेंपोने आलो. सव्वीस मुलं, चार तंबू. आबांच्या मळ्याखालीच वाळूवर दर वर्षी उतरतो. त्यांनी कलिंगडं आणून ठेवली होती.

हे लिहून ठेवते. इथली वाळू वरून घट्ट दिसते, पण लोखंडी खुंटी धरत नाही. म्हणून मी खताच्या रिकाम्या पोत्यांत ओली वाळू भरते, तंबूची दोरी पोत्याला बांधते आणि पोतं हातभर खोल पुरते. मग वाऱ्याने काय हवं ते करावं. पोती या वेळीही आणली होती. मीच टेंपोतून उतरवली.

वि.ने विचारलं, "शांते, इथं काही वेगळं करावं लागतं का गं?"

मी म्हटलं, "तू लीडर. तुला बरं दिसेल तसं कर."

तिने खुंट्या ठोकायला लावल्या. मुलं गात गात ठोकत होती. आबा उभे राहून बघत होते. माझ्याजवळ येऊन हळू म्हणाले, "बाई, औंदा पोती न्हाई पुरायची व्हय?" मी सांगितलं, औंदा विमलबाई बघताहेत. आबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली.

मनात एवढंच होतं की एखादा तंबू ढिला पडेल, मुलं हसतील, वि. माझ्याकडे येईल. एवढंच.

११ मे, मंगळ.

सकाळचा धडा वि.चा. कालची उरलेली भाकरी हातात धरून बोलली. वाळवंटात देव रोजचा मान्ना, म्हणजे खायचं अन्न, रोज द्यायचा, उद्यासाठी ठेवला की त्यात किडे पडायचे. तुम्ही काल कुणावरचा राग साठवून ठेवलाय का, म्हणाली. मग भाकरीचे तुकडे करून मुलांना दिले. संपलं. पाच मिनिटंसुद्धा नाही.

एकोणीस वर्षं शिळ्या भाकरी वाटल्या. मला सुचलं नाही.

एक मुलगी कांदे सोलायला आली होती. सहज म्हणाली, "शांताआजी, तुम्ही खूप सांगायच्या. ह्या थोडंच सांगतात, पण ध्यानात राहतं." पोरीचं काही चुकलं नाही. कांद्याची एक सोय आहे. डोळ्यांतलं पाणी कशाचं ते कुणी विचारत नाही.

दुपारी तंबूंभोवती फेरी मारली. मुलींच्या मोठ्या तंबूची खुंटी दोन बोटांनी वर आली. परत दाबली. पोती पंचवीस पावलांवर पडलेली. बोलले नाही.

१२ मे, बुध.

चारच्या सुमाराला वारा उठला. थेंब एक नाही, नुसती वाळू. बघता बघता तीन तंबू बसले. मोठ्या तंबूत आठ-नऊ मुली होत्या, नुकत्या झोपेतून उठलेल्या. वि. आत पळाली. मधला बांबू खांद्यावर तोलून धरला, एकेकीला बाहेर काढलं. शेवटची निघाली आणि बांबू वि.च्या हातावर आला.

मी हंड्याशी उभी. उभीच राहिले.

आबांच्या ट्रॅक्टरवरून न्हावरे, पुढे जीपने शिरूर. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर. मुलींना खरचटलंसुद्धा नाही. हे मी तीन-तीनदा विचारून घेतलं. जीपमध्ये वि.ने डाव्या हाताने माझा हात धरला होता. आता सांगते, पुढच्या वळणाला सांगते, असं करत शिरूर आलं.

परत आल्यावर आबा आणि मी पोती भरली. शेवटचं पोतं पुरून झाल्यावर आबा म्हणाले, "परवाच व्हाया पायजे हुतं ह्ये, बाई."

१३ मे, गुरु.

शिबिर साक्षीने संपतं. तंबूतल्या दिवसांत देवाने काय दाखवलं ते ज्याने त्याने उठून सांगायचं. वि. हात गळ्यात बांधून उभी राहिली.

"वाळूवर घर बांधणाऱ्याची गोष्ट मी तुम्हांला सांगणार होते, आणि मीच वाळूत खुंट्या ठोकल्या. शांता इथं एकोणीस वर्षं येते. मी तिला विचारलं नाही. माझा अभिमान. बाळांनो, ज्याला येतं त्याला विचारत जा."

विचारलं नाही?

चाळीस वर्षांपूर्वीच्या वर्गाची हजेरी जी अजून नावांसकट म्हणून दाखवते, ती तीन दिवसांपूर्वीचं विसरेल?

सगळे माझ्याकडे बघायला लागले. केवढ्या आदराने. पाळकसाहेबांनी मान लववली. तेव्हा मला काय वाटलं ते इथे खरं लिहिलं पाहिजे. लाज नंतर आली. आधी आलं ते असं, की पाप माझं आणि धडा तिचा. आणि तोही चांगला.

१६ मे, रवि. दौंड

पाळकसाहेब घरी आले. "मावशी, चूक आमची झाली. अनुभव तो अनुभव. पुढच्या वर्षीपासून शिबिर कायम तुमच्याकडे. येत्या रविवारी सभेत ठराव घेऊ." चहा केला. बिस्किटं काढली. नाही म्हटलं नाही.

हवं होतं तेच मिळालं. जेवण गेलं नाही.

बायबलातल्या पहिल्या दोन भावांची, थोरल्याने धाकट्याला मारलं ती गोष्ट दर शिबिरात घेते मी. थोरल्याला राग कशाचा आला, विचारते. मुलं एका सुरात सांगतात, धाकट्याचं अर्पण देवाला आवडलं म्हणून. मी शाबास म्हणते आणि पुढे जाते. एकोणीस वर्षं अशी पुढे जाते आहे.

१९ मे, बुध.

वि.कडे गेले. एका हाताने तिला केस विंचरता येत नाहीत, म्हणून वेणी घालून दिली. पांढरे झालेत, तरी माझ्यापेक्षा दाट. तोंड दिसत नव्हतं म्हणून विचारता आलं, "विमे, साक्षीत खोटं का बोललीस?"

तिने डाव्या हाताने गळ्यातली पट्टी सारखी केली. मग म्हणाली, "मला वाटलं, मध्येच उठून तू सांगशील."

मी वेणी सोडून परत घातली. नीट आली होती, तरी.

निघताना पाणी दिलं तिने, डाव्या हाताने. दिलं ते दिलंच.

२२ मे, शनि.

उद्या उपासनेनंतर सभा. ठरावाआधी उठून सांगायचं आहे. वि.ने विचारलं होतं, हे. मी खुंटी हलवून पाहिली होती, हे. पाळकसाहेबांना आधी कळवलं नाही. त्यांनी 'जाऊ द्या मावशी' म्हटलं तर मी लगेच जाऊ देईन, माझा भरवसा नाही. वि.लाही कळवलं नाही. ती आली तर ठीक. तिच्यासमोर बोलता येईल की ती नसताना, माहीत नाही.

नंतर सामान मागायला कुणाला संकोच नको. म्हणून:

तीन तंबू चर्चच्या कोठीत. चौथा फाटला आहे, त्याचं कापड शिवणवर्गाला द्यावं.

कंदील संडे स्कूलला. काचा वेगळ्या, कागदात गुंडाळून.

मोठं पातेलं आणि दोन पराती आबांच्या घरी. कार्याला लागतात त्यांना. नेऊन मीच देईन, दुसऱ्या कुणाबरोबर पाठवू नये.

पोती, जो कोणी पुढे शिबिर नेईल त्याला. ती कशी पुरायची ते कागदावर लिहून आत ठेवलं आहे. तोंडी सांगण्यावर सोडू नये.

धड्यांच्या तीन वह्या विमलला. तिला न सांगितलेले सगळे त्यात आहेत. शेवटच्या वहीत बरीच पानं कोरी आहेत, तिथे तिने आपले लिहावेत. भाकरीचा आधी लिहावा.

पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर माझं नाव आहे. ते पान फाडू नकोस असं तिला सांगू नये, ती फाडणार नाही.

तरी सांगावं.