सतरा आणि तीन

४ फेब्रुवारी, मंगळ.
गेम थिअरीच्या इंटर्नलला या वेळी लेखी परीक्षा नाही, वैद्य सरांनी सांगितलं. गुरुवारी खेळ. दोघादोघांच्या जोड्या, प्रत्येक जोडीला मिळून वीस मार्क. एकाने चिठ्ठीवर वाटणी लिहायची, दुसऱ्याने खाली हो किंवा नाही. हो म्हटलं तर त्या वाटणीप्रमाणे मार्क. नाही म्हटलं तर दोघांनाही शून्य. बोलायचं नाही, खुणा नाहीत.
मागून कोणीतरी विचारलं, "सर, मार्क खरेच?"
"खोट्या मार्कांसाठी कोणी खरं वागत नाही."
चिठ्ठ्या काढल्या. माझी जोडी प्रणालीशी. वाटणी मी लिहायची.

५ फेब्रु.
प्रणाली (यापुढे प्र.). वर्गात पहिली ती, दुसरी मी. पाच सेम झाले, हे असंच. वडिलांची पिठाची चक्की, हिंगणघाटच्या पुढे कुठल्या तरी गावात. इथे शहराबाहेर बेसाला तिघी मिळून एका खोलीत राहतात. शेजारी बसते, माझ्या डब्यातलं खाते, मला गणित समजावते. दुसऱ्या सेमला तिने डेरिव्हेटिव्ह डोक्यात भरलं नसतं तर माझा पेपर राहिलाच होता.
पहिल्या वर्षी प्रेझेंटेशनमध्ये ती 'मागणीला'ऐवजी "मागणीले" म्हणाली. तेव्हापासून वर्ग पाठीमागे तिला 'मागणीले' म्हणतो. ते नाव मी पाडलं. तिला अजून माहीत नाही.
हिशेब असा. इंटर्नल चाळीसचं. वीस असाइनमेंटचे, वीस या खेळाचे. पास व्हायला सोळा. असाइनमेंटमध्ये मला अठरा. तिला चौदा, वडील आजारी होते म्हणून उशिरा दिली होती. म्हणजे तिला दोन मार्क पाहिजेतच. ती नाही म्हणूच शकत नाही.
जेवताना बाबांना सांगितलं. बाबांचं गांधीबागेत साड्यांचं होलसेल. म्हणाले, "समोरच्याची गरज किती ते आधी पाहायचं. मग भाव सांगायचा."

६ फेब्रु., गुरु.
लिहिलं: मला १७, तुला ३. दोन पुरले असते. एक वरचा, मैत्री म्हणून.
सरांनी चिठ्ठी तिच्या बाकावर ठेवली. तिने वाचली, लिहिलं, पेनाला टोपण लावलं. माझ्याकडे पाहिलं नाही.
सरांनी निकाल मोठ्याने वाचले. बहुतेक दहा-दहा. एक बारा-आठ. सगळ्यांचं हो. मग आमची. "सतरा-तीन. नाही. शून्य, शून्य."
वर्ग हसला. आधी मला, मग तिला.
ती उभी राहिली. "सर, मग माझे चौदाच राहतात."
"लिहिताना माहीत होतं ना?"
"हो."
"मग बस." आणि फळ्याकडे वळून आकृती काढायला लागले. इतके खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.
बाहेर पार्किंगमध्ये गाठलं तिला. "काहून केलं वं असं? तीनात पास झाली असतीस."
"तुले माहीत होतं ना, मले दोन लागतात?"
"म्हणून तर तीन दिले."
"हाव. म्हणूनच."
सायकल काढली आणि गेली. मला अठरा. पास आहे मी. पण पहिली नाही आता, दुसरीपण नाही.

७ फेब्रु.
कँटीनमध्ये सगळ्यांना सांगितलं की तिला माझं चांगलं झालेलं बघवत नाही. सांगता सांगता मलाही पटलं.
संध्याकाळी वर्गाच्या ग्रुपवर तिला सगळे बोलले. कोणीतरी 'मागणीले'चं स्टिकर करून टाकलं. म्हणजे आता तिला ते नावही कळलं. तिने एवढंच लिहिलं: माझा पेपर, माझं शून्य.
मी सी.आर., वर्गाची प्रतिनिधी, त्यामुळे अॅडमिन मीच. तिला ग्रुपमधून काढलं. खाली लिहिलं, वाद नको म्हणून. पाचसहा अंगठे आले.

१७ फेब्रु., सोम.
प्र. शेवटच्या बाकावर, एकटी. कोणी बोलत नाही. मी तसं कोणाला सांगितलेलं नाही. सांगावं लागलं नाही.
इकॉनॉमेट्रिक्सचं एक गणित तीन दिवस अडून आहे. मागे वळले तर ती तेच सोडवत होती. वही हाताने झाकली. मी फक्त घड्याळ पाहत होते, असं दाखवलं.
आई विचारत होती, "ती पोरगी दिसत नाही तुझ्यासोबत?"
"बिझी आहे."

२४ फेब्रु., सोम.
वैद्य सरांनी केबिनमध्ये बोलावलं. एच.ओ.डी. मॅडमनी त्यांना झापलं असावं. इंटर्नलमध्ये नापास तिघांना (प्र. आणि असाइनमेंट न दिलेले दोघे) एक संधी. दोन हजार शब्दांचा निबंध, शुक्रवारी पाचपर्यंत ऑफिसात. नाही दिला तर पूर्ण पेपर पुढच्या वर्षी.
"बोर्डावर लावत नाही, उगाच चर्चा होते. तू तिघांना कळव."
"हो सर."
ग्रुपवर टाकलं. बाकी दोघांनी लगेच थँक्स लिहिलं. तिसरी ग्रुपवर नाही.
टाकलं तर मी. सरांनी कळव म्हटलं, कसं कळव ते नाही म्हटलं.

२६ फेब्रु.
जिन्यात समोरासमोर. ती बाजूला झाली, मला जागा दिली. दोन पायऱ्यांत सांगून झालं असतं. मी खाली उतरले.

२८ फेब्रु., शुक्र.
साडेचारला लायब्ररीत ती समोरच्या टेबलावर होती. पुस्तकातून काहीतरी उतरवत होती, सावकाश, समास आखून. घाई तिला नव्हतीच. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे आणि तिच्याकडे पाहत बसले. मला वाटत होतं की मी उठेन. पाच वाजले. पाच मिनिटांनी तिने वही मिटली, बाटलीतलं पाणी प्यायली, गेली.
मग मला इतकी भूक लागली की धरमपेठेत उतरून दोन समोसे खाल्ले, उभ्याने.

१० मार्च, सोम.
यादी लागली. नापास एकच नाव.
ती यादीसमोर बराच वेळ उभी होती. निबंध देऊन सुटलेल्या त्या दोघांपैकी एकाने तिला त्याचं सांगितलं, सहज, तिलाही माहीत असेल असं समजून. मी जिन्याजवळच होते. ती आली.
"तुले सांगतलं होतं सरनं?"
"ग्रुपवर टाकलं होतं मी."
"मी ग्रुपवर नाही."
"ते मला..."
"माझी खोली तीनच वर्षांची हाय. पुढच्या साली घरून कोणी ठेवत नाही मले इथं. हेही माहीत होतं तुले."
ओरडली असती तर बरं झालं असतं. ती विचारल्यासारखं बोलत होती.

१९ मार्च, बुध.
एच.ओ.डी. मॅडमनी बोलावलं. प्र.ने अर्ज दिलाय: सूचना मिळाली नाही, निबंध स्वीकारावा. अर्ज दाखवला. निरोप कोणाकडे होता, काहून मिळाला नाही, काही लिहिलेलं नाही. माझं नाव कुठेच नाही.
मॅडम म्हणाल्या, "वैद्य म्हणतात सी.आर.ला सांगितलं. तू लेखी दे. सूचना तिच्यापर्यंत पोचली होती की नाही. पोचली असेल तर अर्ज फेटाळते. नसेल तर का नाही पोचली तेही लिही, मग मला पुढे कारवाई करावी लागेल. शुक्रवारी अकराला ये."
घरी बाबांना सांगितलं. अर्धं. "ग्रुपवर टाकलं ना? मग तेच लिही. विचारलं तेवढंच सांगायचं."

२१ मार्च, शुक्र.
पावणेअकरालाच पोचले. मॅडमच्या दारासमोरच्या बाकावर प्र. आणि तिचे वडील. वडिलांना कधी पाहिलं नव्हतं. पांढरा शर्ट, इस्त्रीचा. घड्याळाच्या पट्ट्याच्या फटीत पीठ. बाकावर तेवढीच जागा होती, त्यांनी सरकून मला बसायला लावलं. मध्ये ते, पलीकडे ती.
"तुम्ही याच वर्गातल्या काय, बाई?"
"हो काका."
"मंग तुम्हाले माहीत असन. निरोप कोणाजवळ देल्ला होता सरनं? ही नाव सांगून नाही राहिली. घरी तिच्या मायनं विचारलं, मी विचारलं. म्हणते, माहीत नाही. मी भांडाले नाही आलो. फक्त विचाराचं होतं त्या पोरीले, का आमच्या पोरीनं तिचं काय वाकडं केलं."
प्र. समोरच्या भिंतीकडे पाहत होती. मी चपलेकडे.
शिपायाने दार उघडून माझं नाव घेतलं. मी उठले तसे काकाही अर्धे उठले. "बाई, सांगा नं. कोण होती?"
"बाबा," प्र. म्हणाली, "जाऊ द्या तिले."
आत वीस मिनिटं होते. बाहेर आले तर बाक रिकामा.
कागदावर काय लिहून दिलं ते इथे लिहायला दोनदा बसले, दोनदा वही मिटली.