क्लचवरचा तुकडा

सोमवार, सांजवेळ, जानेफळ

सोनाळ्याहून आत्ताच आलो. माह्या दोस्ताच्या, नामदेवच्या संत्र्याच्या बागेत त्याचा जुना छोटा ट्रॅक्टर दिसला. नंबरपट्टी गंजून गेलेली, बोनेट भलत्याच गाडीचं. तोच हाय का हा? मंग क्लचच्या पॅडलवर वेल्डिंग केलेला लोखंडी तुकडा दिसला. वेल्डिंग माह्यंच. नामदेवचा डावा पाय आखूड, पुरत नव्हता, म्हणून मीच लावून देल्ला होता.

तो वारला तेव्हा मी गेलो नाई. आज ट्रॅक्टर मांगाले गेलो; जुने ट्रॅक्टर नव्यासारखे करून जमा कराचा नाद हाय मले.

त्याच्या बायकोले म्हटलं, "वहिनी, कंपनीतून निघाला तसाच करतो याले."

तिनं त्या तुकड्यावर हात ठेवला. "मंग हे काढून टाकसान, भाऊजी?"

हो म्हणून गेलो. काऊन म्हटलं मी? तिचा हात तिथून हललाच नाई.