तेरा नंबरचा पाना

सान सिरिलो,
२८ ऑक्टोबर २०१२

प्रिय प्लासिदोदादा,

इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तूही तिकडे बरा असशील असं आईने लिहायला सांगितलंय, म्हणून लिहितो. पाऊस संपला. मका शेतात उभा वाळतोय, दोन-तीन आठवड्यांत तोडणी सुरू होईल. आईचा गुडघा होता तसाच आहे. तिचं आणि माझ्या ओदिलियाचं, म्हणजे सासू-सुनेचं, या महिन्यात एकदाच वाजलं आणि तेही कोंबडीवरून. कोंबडी कापून झाल्यावर दोघी एकाच ताटात जेवल्या.

तुला पाठवलेलं पहिलं पत्र परत आलं. पाकिटावर तिकडच्या भाषेतला शिक्का होता. शाळेच्या मास्तरांनी वाचून सांगितलं की या पत्त्यावर या नावाचं कोणी राहत नाही. दुसरं पत्र मात्र परत आलेलं नाही. म्हणून हेही त्याच पत्त्यावर टाकतो आहे.

कारखाना चालू आहे. यंदा जुन्या सायकलींतून पाण्याचे सहा पंप केले, कॉफीची फळं सोलायची दोन यंत्रं केली आणि शाळेसमोर फळांचा रस विकणाऱ्या बाईला पायडल मारून चालणारा मिक्सर करून दिला. तुमच्या उत्तरेकडून जुन्या सायकलींचा कंटेनर जूनमध्ये आला. दोनशेवर सायकली निघाल्या, पण लोखंडी जेमतेम तीस. बाकी सगळं अ‍ॅल्युमिनियम. दिसायला छान, उचलायला हलकं आणि आपल्या वेल्डिंग मशीनपुढे अगदी निरुपयोगी. रॉड लावला की लोण्यासारखं वितळतं. बाबा असते तर म्हणाले असते, हल्लीच्या माणसांसारख्याच हल्लीच्या सायकली. लोखंडी सांगाडे पंपांत आणि यंत्रांत संपत गेले.

आता एकच लोखंडी सांगाडा उरला आहे.

दोन्या तोरिबिया आठवते ना, वरच्या आळीतली, जिला सगळं गाव मानाने दोन्या म्हणतं आणि जिच्या तोंडाला तिचा नवरासुद्धा घाबरायचा? तो गेला, ती अजून तशीच आहे. तिने चौदा बायकांचा गट केलाय. त्यांना मक्याचे दाणे काढायचं यंत्र हवं आहे. अंगठ्यांनी दाणे सोडवून सोडवून बायकांचे हात सुजतात हे तुला सांगायला नको. आईचे अंगठे तू पाहिले आहेस. तोरिबिया दर सोमवारी येऊन कारखान्याच्या दारात उभी राहते.

"काय रे इलारिओ, मका काय यंत्र होईपर्यंत शेतात थांबणार आहे का?"

"लोखंड नाही दोन्या."

"आणि ती पत्र्यामागे सायकल टांगली आहे ती काय रताळ्याची आहे?"

मी म्हटलं, ती कुणाची तरी आहे. ती म्हणाली, "मग त्या कुणाला तरी विचार. तोंड आहे ना तुला?"

म्हणून विचारतो आहे.

ती सायकल लांब आहे. मागचा भाग कापून तिथे दुसऱ्या सायकलीचा मागचा भाग जोडलाय, मागे दोन बादल्या राहतील एवढी जागा ठेवून. दाणे काढायच्या यंत्राला नेमकी अशीच लांबी लागते, नाहीतर पायडल मारणारीचे गुडघे आणि कणसं घालणारीचे हात एकमेकांवर आपटतात. तू अशी एक सायकल केल्याचं दोन वर्षांपूर्वी लिहिलं होतंस. भंगारातून दोन सायकली उचलल्या, मित्राच्या गॅरेजमध्ये रविवारी जोडल्या आणि रंग निळा दिला. फोटोही पाठवला होतास. फोटोत तू टोपी उलटी घातली आहेस.

ही पण निळी आहे.

सायकली उतरवताना मी प्रत्येक उलटी करून बघतो, पायडलचा आस जिथून जातो त्या जाड नळीखाली गंज किती आहे ते. ही उलटी केली. नळीखाली खुणेच्या पंचाने ठोकलेले तीन ठिपके होते. बाबा आपल्या हातच्या प्रत्येक यंत्राखाली मारायचे तेच. एक त्यांचा, एक तुझा, एक माझा. तू डावखुरा, त्यामुळे तू ठोकलेस की तिसरा ठिपका नेहमी घसरायचा आणि बाबा ओरडायचे. याचाही तिसरा घसरलेला आहे.

मला तेव्हा काहीच वाटलं नाही दादा. खरंच नाही. मी ती सरळ केली, भिंतीला टेकवली आणि पुढची घेतली. दुपारी जेवलो. ओदिलियाने विचारलं, भाजीत मीठ कमी आहे का, तर हो म्हणालो. नंतर कळलं की भाजी खारट झाली होती. तेव्हापासून असंच चाललं आहे. हात काम करतात. थंडीत बोटं बधिर झाल्यावर पाना हातात आहे की नाही ते बघून घ्यावं लागतं, तसं मला सगळंच बघून घ्यावं लागतं.

कंटेनरबरोबर तिकडचा एक म्हातारा आला होता, वॉल्टर नावाचा. चांगला माणूस, आपल्या मिरचीने रडला तरी खात राहिला. मी विचारलं, या सायकली तुम्ही आणता कुठून? म्हणाला, लोकांच्या तळघरांतून, शाळांतून आणि पोलिसांच्या गोदामातून. तिथे बेवारशी सायकली तीन महिने ठेवतात, कोणी न्यायला आलं नाही तर देऊन टाकतात. मी विचारलं, चौथं ठिकाण नाही का? तो म्हणाला, नाही. मी निळी सायकल दाखवली तेव्हा त्याने खिशातून वही काढली. तुझं नाव लिहून नेलं. परत गेल्यावर चौकशी करतो म्हणाला. अजून काही कळवलेलं नाही. कामात असेल.

तू ती विकली असशील. नवी घेतली असशील, किंवा मोटारच घेतली असशील. विकत घेणाऱ्याने ती नीट वापरली नाही. तसंच झालं असणार.

कारण ती वाकलेली आहे. पुढचं चाक धरणारा चिमटा मागे गेला आहे. हँडलखाली जिथे वरची दांडी आणि खालची दांडी एकत्र येतात, तिथे दोन्ही पाइपांना सुरकुती पडली आहे आणि रंग उडाला आहे. बाबांनी आपल्या दोघांना शेजारी बसवून शिकवलं होतं की सांगाडा बघून सायकल कशी पडली ते सांगता येतं. खड्ड्यात गेली तर फक्त चिमटा वाकतो. भिंतीवर गेली तर चाकाचा आठ होतो. दोन्ही दांड्यांना एकदम सुरकुती कधी पडते, ते तुला माहीत आहे. मी लिहीत नाही.

आता कापायचं. बाबांचा नियमही तुला माहीत आहे. जिवंत माणसाच्या सायकलीला त्याला विचारल्याशिवाय करवत लावायची नाही. उत्तरेकडच्या लोकांनी आपल्या हाताने दिल्या, त्या चालतात. पाववाला चेपे वारला तेव्हा त्याच्या बायकोने स्वतः त्याची सायकल ओढत आणली आणि मगच बाबांनी करवत घेतली. तुझी कोणी आणून दिलेली नाही. ती कापली तर मी काय कबूल केलं, ते आईला कळेल आणि मलाही कळेल. म्हणून जून महिन्यापासून ती पत्र्यामागे टांगून ठेवली आहे. आईला मी काही सांगितलेलं नाही.

अजून एक लिहायचं आहे आणि ते आधीच लिहायला हवं होतं. गेल्या डिसेंबरात तुझा फोन आला होता. आईला मी सांगितलं की नुसती खुशाली विचारलीस. तू म्हणालास, "इलारिओ, मी परत येतो. दोघं मिळून कारखाना चालवू." आणि मी म्हणालो, "येऊन करणार काय? माझे पाने पुसणार? इथे एक मिस्तरी पुरे आहे." तू हसलास. मग म्हणालास, बरं. त्यानंतर फोन नाही.

मी थट्टा केली नव्हती. बाबांच्या मागे नऊ वर्षं मी एकट्याने हा कारखाना ओढला. तू आला असतास तर पंधरा दिवसांत गाव म्हणालं असतं, थोरल्याचा हात काही निराळाच. खरंही होतं ते. तुझी ती लांब सायकल मी इंच इंच तपासली आहे. मला असा जोड देता आला नसता.

तर दादा, तू रुसला आहेस. मी रोज सकाळी स्वतःला हेच सांगतो. रुस. दहा वर्षं रुस. माझं तोंड बघू नकोस, आईला परस्पर पत्र लिही, त्यात मला शिव्या घाल. फक्त रुसलेला अस.

सायकल कापू का? हो किंवा नाही, एवढंच लिहून पाठव.

उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
इलारिओ


सान सिरिलो,
१५ डिसेंबर २०१२

प्रिय दादा,

तुझं उत्तर आलं नाही. पत्रही परत आलं नाही.

मका घरात आला. तोरिबिया सोमवारऐवजी रोज यायला लागली. शेवटी मी यंत्र केलं. कापलं मात्र नाही. एका जुन्या लोखंडी पलंगाच्या पट्ट्यांचा घोडा केला आणि त्यात तुझी सायकल होती तशी, अख्खी, नट-बोल्टांनी अडकवली. हँडल आहे, सीट तुझीच आहे, मागच्या बादल्यांच्या जागी दाणे काढायचं पिंप बसवलं आहे. सगळे मिळून अठरा बोल्ट, सगळे तेरा नंबरच्या पान्याचे. वेल्डिंगचा एकही टाका नाही, करवतीचा एकही दात लागलेला नाही.

तोरिबियाने चारही बाजूंनी बघितलं. "हे यंत्र आहे की खोगीर घातलेलं खेचर? हँडल कशाला ठेवलंस? मका सोलता सोलता बाजाराला जाऊन यायचं का आम्ही?" बायका हसल्या. मीही हसलो असेन.

पहिल्यांदा कोण बसणार यावर त्यांचं चाललं होतं, तेवढ्यात आई पुढे झाली. मी म्हटलं, आई, गुडघा. ती म्हणाली, "गुडघा माझा आहे, तू कणसं घाल." घागरा सावरून बसली आणि पायडल मारायला लागली. दाणे पिंपातून पत्र्यावर पडायला लागले तशा बायका पुढे सरकल्या. एक टोपलं पुरं झाल्यावर आई उतरली, वाकली आणि पायडलच्या नळीखाली हात घातला. बोटं फिरवली. मी तिथेच उभा होतो. ती सरळ झाली आणि हात पुसत म्हणाली, "तिसरा वाकडाच आहे."

एवढंच. मग तोरिबियाला म्हणाली, "बस आता तू, बघत काय राहिलीस?"

ती रडली नाही, मी पण नाही. घरी येऊन तिने तुझ्या नावाने काहीही केलं नाही. मेणबत्ती लावली नाही, पाद्रीबाबांना बोलावलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा कारखान्यात आली. हल्ली रोज सकाळी तासभर तीच पायडल मारते. गटातल्या बायकांनी तिला सांगून पाहिलं, पण ती पाळी सोडत नाही.

फक्त यंत्र हादरतं. बोल्ट संध्याकाळपर्यंत ढिले होतात. परवा पिंप इतकं हललं की कणसं घालणाऱ्या पोरीचा हात थोडक्यात वाचला. संध्याकाळी बायका गेल्यावर आई बाकावर बसली होती. म्हणाली, "इलारिओ, वेल्डिंग करून टाक. कुणाचा तरी हात जाईल."

मी म्हटलं, "रॉड संपलेत आई."

रॉडचं नवं खोकं त्याच बाकाखाली होतं. तिच्या पावलांना लागत होतं. तिने खाली बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"हो," ती म्हणाली, "हल्ली मिळतच नाहीत."

मग उठून खिळ्यावरचा पाना काढून तिने माझ्या हातात दिला आणि दुसरा स्वतः घेतला. "तिकडचे नऊ तू आवळ, इकडचे नऊ मी."

आता रोज संध्याकाळी आम्ही असेच नऊ-नऊ बोल्ट आवळतो. मला अजूनही फारसं काही वाटत नाही दादा, पण त्या वेळेला पाना हातात आहे हे न बघताही कळतं.

सगळे बोल्ट सोडायला अर्धा तास लागतो, मी करून पाहिलं आहे. चांगला चिमटा एक बाजूला काढून ठेवलाय, निळा रंगही आणलाय. सुरकुतीचं काय करायचं ते मला येत नाही, ते तुलाच करावं लागेल. कारखान्यात दुसऱ्या मिस्तरीची जागा मोकळी आहे. पाने मी पुसेन.

रॉड संपलेत असं सांगत राहणारा,
तुझा धाकटा,
इलारिओ