पुन्हा पाठवा

डिंडोली, सुरत
रविवार, ता. २२ नोव्हेंबर १९९८

ती. मारुतीदादांच्या सेवेशी,

सुरतेहून आपला मेहुणा योगराज याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. इकडे मी आणि आई खुशाल आहोत. नानांचा उजवा हात आता किती उचलला जातो ते कळवावे. बोटं हलायला लागली असं ऐकलं, फार बरं वाटलं. तारावहिनींना व मुलांना आशीर्वाद-नमस्कार ज्याचा त्याला द्यावा. (नानांना घरी आलेलं प्रत्येक पत्र मोठ्याने वाचून दाखवावं लागतं हे मला माहीत आहे. तरी हे पत्र शक्यतो दाखवू नये. दाखवावंच लागलं तर खुशालीपर्यंत वाचून पाणी प्यायला उठावं.)

गुरुवारी तुमच्या कॉम्प्युटर क्लासात जे झालं त्याबद्दल तुम्ही मोडेमची तार उपटलीत, ते योग्यच केलंत. तुमच्या जागी मी असतो तर तारेबरोबर खिळाही उपटला असता. पण झालं कसं, हे तुम्हाला नीट कळायला हवं. फोनवर सांगता येईना, कारण तुमच्या एसटीडी बूथच्या काचेच्या खोलीचं दार लागत नाही आणि बाहेर बाकावर निम्मं पारोळा बसलेलं असतं.

सुरुवात आमच्या किरीटभाईंपासून होते. रिंग रोडवर साड्यांच्या मार्केटच्या वर, चौथ्या माळ्यावर यांचं ऑफिस, आणि मी तिथे प्रोग्राम लिहितो, हे तुम्हाला ठाऊक आहे. आषाढात मुंबईचे एक व्यापारी, रसिकभाई, त्यांच्याकडे आले. त्यांचं म्हणणं असं की सुरतेहून मुंबईला कळवलेला भाव त्यांच्या आधी शेजारच्या दुकानाला कळतो. तेव्हा दोन गावच्या कॉम्प्युटरमध्ये असा निरोप जावा की वाटेत कोणी पाहिला तरी त्याला काही उमगू नये. किरीटभाई म्हणाले, ‘कोई वांधो नथी, योगराज करी देसे.’ अडचण एवढीच होती की सुरतेत साधे पीसी आणि मुंबईत जुनं युनिक्सचं धूड. दोन्हीकडे एकच कुलूप आणि एकच किल्ली चालली पाहिजे. असं कुलूप एकदा बनवून ठेवायचं आणि कुठल्याही प्रोग्रामने ते उचलून वापरायचं, याला आमच्यात लायब्ररी म्हणतात. (नानांनी मागे विचारलं होतं की जावईबापूंच्या लायब्ररीत धार्मिक पुस्तकं आहेत का. नाहीत.)

आता मुंबईसारखं धूड तपासणीसाठी आणायचं कुठून? तेव्हा मला तुमची आठवण झाली. लिलावातून आणलेलं आणि ज्याला सहा टर्मिनल जोडून तुम्ही पोरींना शिकवता ते यंत्र अगदी त्याच जातीचं. शिवाय त्याच्यासमोर गायत्री बसते. दादा, खरं सांगायचं तर मला आठवण या क्रमाने झाली नाही. आधी गायत्रीची झाली, मग यंत्राची.

ती तुमच्याकडे का राहिली, हे तिने तुम्हाला सांगितलं नसणार. नानांना झटका आला म्हणून ती होळीला आली, हे खरं. पण नाना काठी धरून चालायला लागल्यावरही ती परतली नाही, त्याचं कारण मी आहे. माघ महिन्यात ती डबा घेऊन ऑफिसात आली होती. मी दोन दिवस एका चुकीवर डोकं धरून बसलो होतो. तिने डबा टेबलावर ठेवता ठेवता पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘हे एकापासून मोजताय, शून्यापासून मोजा.’ चूक तीच होती. किरीटभाई हसले आणि म्हणाले, ‘बेन को काम पे रख लेते हैं, डिब्बा तुम लाया करो.’ ते गमतीने म्हणाले. मला झोंबलं. घरी गेल्यावर मी तिला म्हणालो, ‘तुझं काम डबा पोचवण्यापर्यंत. वर तोंड घालायचं नाही.’ ती भांडली असती तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवसापासून डबा वेळेवर आला, गरम आला, पण लिफ्टमनच्या हाती. ती खाली उभी राहून परत जायची. तिच्या माहेरून फोन येईपर्यंत मी चौथ्या माळ्यावरून तिची वेणी तेवढी बघितली.

याची माफी मागायची होती. पत्राने मागावी तर ती नानांसमोर वाचली जाणार. फोनवर मागावी तर तुमचा बाक ऐकणार. म्हणून कुलपाचं पहिलं काम झाल्या झाल्या, राखीच्या आदल्या दिवशी, रसिकभाईंच्या मालाच्या भावाऐवजी मी माफी कुलूपबंद करून पाठवली. त्या सकाळी तुमच्याकडचं यंत्र अकरा वेळा ओरडलं आणि क्लासातल्या पोरी बाहेर पळाल्या, तुम्ही विजेच्या कंपनीला तक्रार केलीत, आठवतं का? ती माझी माफी होती. माझ्याकडे गायत्रीचं उत्तर आलं, त्यात माझ्या पडद्यावर हसरे चेहरे आणि बदाम उमटले. बदाम, इस्पिक, परत दोन हसरे चेहरे. मी त्या दिवशी मिठाई नेली. आईने विचारलं, ‘वहू कव्हय येई रे भाऊ?’ मी म्हणालो, ‘दिवाळीच्या आत.’

चार दिवसांनी गायत्रीचा फोन आला, तोही किरीटभाईंना विचारत; उचलला मी. तिचं म्हणणं असं की सुरतेचं यंत्र आकडा एका टोकाकडून मांडतं आणि पारोळ्याचं दुसऱ्या टोकाकडून. तुम्ही पंचवीस पाठवले की इथे बावन्न पोचतात, मग कुलूप उघडणार कसं? एवढं बोलून तिने फोन ठेवला. मी उलटापालट दुरुस्त केली आणि तिचं जुनं उत्तर पुन्हा उघडलं. बदामांच्या जागी एक ओळ होती : ‘यंत्र ओरडतंय. आकडे उलटे येतात का बघा.’ मिठाई तोपर्यंत संपली होती.

या वेळी मात्र मी किरीटभाईंकडे गेलो आणि चूक कोणी पकडली ते नाव घेऊन सांगितलं. ते म्हणाले, ‘मैंने माघ में क्या बोला था?’ मी म्हणालो, ‘बरोबर बोलला होतात.’

पुढे एक भानगड मुंबईत झाली. असा प्रोग्राम सुरू होताना स्वतःची परीक्षा घेतो. एक ठरलेलं वाक्य कुलूपबंद करतो, उघडतो, जुळलं तर वाक्यापुढे ‘बरोबर’ छापून पुढे जातो. मी ठरलेलं वाक्य म्हणून हाताशी होतं ते टाकलं आणि काढायचं विसरलो. दिवाळीनंतर रसिकभाईंच्या पेढीवर रोज सकाळी दहा माणसांसमोर पडद्यावर येऊ लागलं : ‘गायत्री, तू कधी येतेस. बरोबर.’ रसिकभाईंनी तक्रार केली नाही. फोन केला आणि विचारलं, ‘गायत्रीबेन आव्या?’ मी ओशाळून वाक्य बदलतो म्हणालो, तर त्यांनी साफ नकार दिला. त्या वाक्यापासून माल चांगला जातोय, शुकन आहे, म्हणाले. आता दर सोमवारी त्यांचा फोन येतो. आधी गायत्री, मग भाव.

पण तुमच्याकडचं यंत्र काही ऐकेना. मुंबईत निरोप उघडतात, पारोळ्यात उघडत नाहीत. दसऱ्यापासून मी पाठवतो आणि गायत्रीचं उत्तर येतं, ‘उघडला नाही. पुन्हा पाठवा.’ मी सगळं कुलूप तीनदा खोललं, तीनदा जोडलं. दोष सापडेना. किरीटभाईंना वाटू लागलं की मला येत नाही. मलाही वाटू लागलं. (धुळीने असेल. यंत्रावर रात्री कापड घालत जा, आणि उंदरांचं बघा.) दर वेळी पुन्हा पाठवताना तेच तेच कसं लिहायचं म्हणून मी थोडं नवं लिहायचो. पोळपाटापाशी तिची जागा कशी रिकामी दिसते ते लिहिलं. सकाळी चुकून दोन कप चहा होतो आणि दुसरा आई मुकाट्याने पिते, ते लिहिलं. डबा आता मी खानावळीतून आणतो आणि लिफ्टमन रोज विचारतो, तेही लिहिलं. वाचणारं कोणी नाही असं धरून चाललो होतो, म्हणून हात सैल सुटला.

आणि गुरुवारी नेमका उघडला. रसिकभाईंना भाव सगळ्या विक्रेत्यांना एकदम दिसायला हवा होता. त्यासाठी मी नवी फ्लॉपी पाठवली होती, तीत निरोप आपोआप उघडून यंत्राच्या सगळ्या पडद्यांवर जायचा. वाटेत कोणालाही फोडता येणार नाही असा निरोप मी केला, आणि पोचल्यावर तो सहा टर्मिनलवर, सहा पोरी आणि प्रवेशासाठी आलेल्या दोघींच्या वडिलांसमोर उभा राहिला : ‘तुझी हिरवी साडी ट्रंकेतून काढून बघितली. आईने विचारलं काय शोधतोस. म्हटलं, पावती.’

दादा, तुमच्या क्लासाची अब्रू गेली याचं मला मनापासून वाईट वाटतं. ते दोन प्रवेश माझ्यामुळे गेले असतील तर त्या वडिलांना मी स्वतः पत्र लिहीन. बाकी काय लिहू. नानांची काळजी घ्यावी. लहानांना पापा.

आपला आज्ञाधारक,
योगराज

ता. क. मोडेमची तार खालच्या खाचेत बसते, वरच्या नव्हे. निळी. काम अर्धवट राहिलंय, एवढंच म्हणून सांगतो.

ता. क. २. वरचं सगळं ऑफिसात बसून लिहिलं. रविवार असल्याने कोणी नाही. पाकीट चिकटवताना मनात आलं की दोष असलेलं यंत्र गुरुवारी शहाणं कसं झालं. निरोप नीट उघडला की तिकडचं यंत्र स्वतःहून पोच पाठवतं, अशी सोय मी गणपतीत केली होती. त्या पोचा एका फाइलीत जमतात. ती फाइल मी कधी उघडलीच नव्हती, कारण काही उघडत नाही असं गायत्रीने सांगितल्यावर पोच कसली बघायची. आत्ता उघडली. दसऱ्यापासून सदतीस निरोप गेले आणि सदतीस पोचा आहेत. प्रत्येक निरोप पोचल्या मिनिटाला उघडला आहे. कुठे दहा मिनिटांनी, कुठे वीस मिनिटांनी तिने टाइप केलंय, ‘उघडला नाही. पुन्हा पाठवा.’

ता. क. ३. तार राहू द्या. पुढच्या रविवारी भुसावळ पॅसेंजरने अमळनेरला उतरून येतो. किरीटभाईंनी गायत्रीसाठी माझ्या शेजारचं टेबल रिकामं करून ठेवलंय, तेही तिला सांगायचंय. घ्यायचं की नाही ते तिने ठरवावं. माझ्यासाठी तारावहिनींना भाकरी वाढवायला सांगा, गायत्रीला मात्र काही सांगू नका. जे सदतीस वेळा पाठवलं ते एकदा तोंडाने म्हणायचंय, नानांसमोर म्हणावं लागलं तरी चालेल. तिने ऐकू आलं नाही, पुन्हा सांगा, असं म्हटलं तरी माझी हरकत नाही.