गोट्यांच्या निबंधाची चौकशी

२२ ऑक्टोबर, बुधवार

नवीन प्रकरण आलं. पहिल्या वर्षाचा मुलगा. डेसमंड प्रुइट, वेस्ट व्हर्जिनियाचा. इंग्रजीच्या वर्गात दिलेला निबंध संगणकाने पकडला – एक्याण्णव टक्के शब्द इंटरनेटवरच्या दुसऱ्या एका निबंधाशी जुळतात. विल्कॉक्स सरांनी वर एकच ओळ लिहिलीय : 'वाईट वाटतं, पण उघड आहे.'

विद्यार्थ्यांच्या सचोटी मंडळाने तपास माझ्याकडे दिला. वर्षातला माझा पाचवा. सुनावणी पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला. आमच्याकडे शिक्षा एकच, कॉलेज सोडायचं. दंड नाही, ताकीद नाही. बाहेरच्यांना हे रानटी वाटतं. मला सोपं वाटतं.

२३ ऑक्टोबर

वाचनालयाच्या तळघरात डेसमंडला भेटले. उंच, वाकून बसणारा. टोपी काढून मांडीवर ठेवली.

"निबंध मी लिहिला, मॅडम."

"मॅडम नको. मी दोनच वर्षांनी मोठी आहे."

"हो, मॅडम."

कुणाला दाखवला होता? नाही. कुणाला पाठवला? नाही. मग नेटवर कसा गेला? माहीत नाही. प्रत्येक 'नाही'ला त्याचे कान लाल होत होते. खोटं बोलणाऱ्याचे होतात तसेच. तसं टिपणात लिहिलं.

निघताना म्हणाला, "घरी अजून सांगितलं नाहीये. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच."

हे टिपणात नाही लिहिलं. त्याचा पुराव्याशी संबंध नाही.

२५ ऑक्टोबर

निबंध वाचला. गावात काचेच्या गोट्यांचा कारखाना होता. बिघडलेल्या गोट्या मागच्या ओढ्यात फेकायचे. कारखाना बंद पडून वीस वर्षं झाली तरी पोरं अजून ओढ्यातून गोट्या वेचतात. वाकड्या, दोन जुळलेल्या, आत बुडबुडा असलेल्या. चांगली गोटी सापडली की परत पाण्यात टाकतात – दुकानात मिळते ती कशाला!

चांगला आहे. माझ्या आवडण्याला अर्थात काही किंमत नाही.

२६ ऑक्टोबर

केझी : "आल्या न्यायमूर्ती! आज कुणाला फाशी?" खोलीत शिरले की रोज हेच. पहिल्या वर्षापासून एकत्र राहतोय, विनोद मात्र एकच.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

जुळणारा निबंध ज्या साइटवर आहे, तिथेच दिवसभर होते. तिथला व्यवहार मजेशीर आहे. पैसे द्या, नाहीतर कागद द्या. तुम्हाला एक उत्तरपत्रिका उघडायची असेल तर आपला एखादा निबंध टाकायचा. म्हणजे हजारो मुलं रोज काहीतरी टाकतात – स्वतःचं संपलं की मिळेल ते.

गोट्यांचा निबंध तिथे चढला तो डेसमंडने वर्गात देण्याच्या आधी आठवडाभर. म्हणून संगणकाला तो चोर वाटला. पण साइटवरचा निबंध अर्धाकच्चा आहे. शेवटचा परिच्छेदच नाही, आणि ओढ्याचं नाव चुकलंय. वर्गात दिलेल्यात ती चूक सुधारलेली आहे. चोर माल चोरतो. मालाची डागडुजी करून, त्याला शेवट जोडून आणत नाही.

एवढ्यात भागलं नाही. ज्या खात्यावरून तो चढला, त्याच खात्यावरून आणखी सहा निबंध चढलेत. वाचून काढले. सगळ्यांचा विषय विल्कॉक्स सरांचाच – 'माझ्या गावातली एक गोष्ट'. सगळे यंदाचे, आमच्याच कॉलेजचे.

साइटला निबंध काढा म्हणून लिहिलं. तासाभरात उत्तर : टाकणाऱ्याने निबंध स्वतःचाच असल्याचं मान्य केलंय, आणि टाकल्यापासून तो छापायचा, विकायचा हक्क साइटचा. सही – 'तुमचा अभ्यासमित्र'. काय बोलायचं!

२९ ऑक्टोबर

डेसमंडला परत बोलावलं. सरळ विचारलं, "लेखन मदत केंद्रात गेला होतास?"

कान लाल. बराच वेळ टोपीच चाळवत होता.

"गेलो होतो. दोनदा. कच्चा निबंध ईमेलने आधी पाठवावा लागतो."

"मग त्या दिवशी नाही का म्हणालास?"

"प्रत्येक पेपरखाली सही करतो ना आपण – मदत घेतली नाही, दिली नाही. आणि मी तर घेतली होती! म्हटलं, चोरीचं कदाचित सुटेल, पण हे कळलं तर हमखास घालवतील."

अरे देवा. ते केंद्र कॉलेजनेच उघडलंय. तिथे जा असं शिक्षक स्वतः सांगतात. शपथेतली 'मदत' म्हणजे चोरून घेतलेली, हे इथे कुणी कुणाला समजावत नाही, कारण सगळ्यांना ते घरूनच माहीत असतं. याला नव्हतं.

समजावलं. त्याने टोपी घातली, पुन्हा काढली. "म्हणजे ते चालतं?"

"चालतं."

मला हसू आलं आणि रागही. राग कुणाचा ते कळलं नाही.

३० ऑक्टोबर, गुरुवार

उरलेले निबंध कुणाचे ते विल्कॉक्स सरांनी ओळखलं, त्या सहाही मुलांना विचारलं. सगळी केंद्रात गेलेली. सगळी मंगळवारी किंवा गुरुवारी, चार ते सहा.

त्या वेळेला तिथे केझी बसते. एकटीच.

नियम साधा आहे. ज्याला कळलं त्याने त्याच दिवशी मंडळाला कळवायचं. करणारा आणि झाकणारा, दोघांना शिक्षा एकच. मी स्वतः हे नव्या मुलांना दरवर्षी सभागृहात उभी राहून सांगते.

परवा पालकांचा शनिवार. केझीची आई जॉर्जियाहून सात तास गाडी चालवून येणार. एवढं होऊ दे. सुनावणीला अजून वेळ आहे, डेसमंडचं त्यात काही बिघडत नाही.

३१ ऑक्टोबर

आजही नाही सांगितलं.

१ नोव्हेंबर, शनिवार

केझीची आई आली. केळ्यांचं पुडिंग, पिमेंटो चीजची सँडविचं, घरच्या पिठाचा डबा – जणू इथे दुष्काळ आहे. मला मिठीत घेऊन म्हणाल्या, "तू आहेस म्हणून मला झोप लागते गं बाई. ही डॉक्टर होईपर्यंत सोडू नकोस हिला."

केझी शेजारी उभी राहून चमच्याने पुडिंग खात होती. सहज, नेहमीसारखी. मी तिच्याकडे पाहत राहिले. हिला काहीच वाटत नाही? की मलाच फार वाटतंय? मी पुडिंग दोनदा घेतलं.

२ नोव्हेंबर

जेवणघरात डेसमंड दिसला. एकटा. मी पुराव्याबद्दल त्याला अजून काही सांगू शकत नाही, म्हणून दुसरीकडे बसायला निघाले. तोच उठून आला.

"टेबलावरचा दिवा हवाय का, मॅडम? जवळपास नवा आहे. बसमध्ये नेता येणार नाही."

म्हणजे पोरगा सामान वाटायला लागलाय! कालपरवा तोंड उघडलं असतं तर याला दोन रात्री तरी झोप आली असती. मला स्वतःची लाज वाटली. अशी लाज तपासात कधी वाटली नव्हती.

३ नोव्हेंबर, सोमवार

दुपारी केझीला सांगितलं. दार लावून घेतलं.

आधी हसली. मग, "सेंद्रिय रसायनाची उत्तरं हवी होती गं! एक उघडायला एक टाकावा लागतो. माझे सगळे टाकून संपले. नावं काढली होती मी त्यांची. पोरांचं काय गेलं त्यात?"

"एकाचं कॉलेज जातंय, केझी."

तिला डेसमंडचं माहीतच नव्हतं. प्रकरणं गुप्त असतात ना. आणि मी गुप्तता पाळते.

मग रडली. "तुला कधी कळलं?"

"गुरुवारी. तुझी आई येणार होती म्हणून थांबले."

"मला घालवतील."

"तक्रार होण्याआधी आपणहून गेलीस तर नाही, नियमात तेवढी एकच सूट आहे. एक सत्र घरी बसवतील, नंतर परत घेतील. उद्या सकाळी जा. तू नाही गेलीस तर दुपारी मी जाईन."

तिने डोळे पुसले. मग म्हणाली, "काय सांगू त्यांना?"

"सगळं. काही गाळायचं नाही. अर्धवट कबुली ते धरत नाहीत."

तिने माझा हात घट्ट धरला. "तू नसतीस तर मी काय केलं असतं!"

४ नोव्हेंबर

सकाळी नऊला गेली, अकराला आली. चेहरा उतरलेला, पण चालणं हलकं. नियमातलीच शिक्षा – वसंत सत्र घरी, पुढच्या शरद सत्रात परत. डॉक्टरकी वाचली. ज्यांचे निबंध टाकले त्या सातही जणांची माफी मागायची.

डेसमंडवरचं प्रकरण मागे घेतलं. निरोप द्यायला मीच गेले. त्याने टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाला, "आता तिथे दुसरं कोण बसणार? मला पुढचा निबंध दाखवायचाय."

आज फार बरं वाटतंय. नियमही पाळला गेला आणि माणसंही राहिली. असं क्वचितच जमतं. संध्याकाळी केझी आणि मी तिच्या आईच्या पिठाची बिस्किटं भाजली. तळाशी करपली. तरी सगळी खाल्ली.

६ नोव्हेंबर

न्याहरीच्या वेळी थॅड आला – आमच्या मंडळाचा अध्यक्ष. बस म्हटलं तर बसला नाही.

"मॅरेन, केझीची कबुली काल सगळ्यांनी वाचली. तुला हे मागच्या गुरुवारपासून माहीत होतं, असं आहे त्यात. खरं?"

केझी समोरच बसली होती. "तूच म्हणालीस ना गं, काही गाळायचं नाही," एवढंच म्हणाली, आणि रडायला लागली.

मी थॅडला म्हटलं, "खरं आहे."

माझी सुनावणी एकोणीसला.