दिल्लीत ओळखीचं कोण?

राजारामपुरी, बारावी गल्ली,
कोल्हापूर.
मंगळवार, ९ डिसेंबर २००३

ती. मीनाआत्तीस,

साक्षीचा सविनय जयभीम. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. तुझा गुडघा काय म्हणतो? तुमच्या चंदगडात डिसेंबरातसुद्धा भिंतींची ओल जात नाही असं तू मागे लिहिलं होतंस, तेव्हा पायात मोजे घालून झोपत जा आणि तब्येतीला जप. (आरोग्य केंद्रातल्या सिस्टरला तब्येतीला जप म्हणून सांगायला मला लाज वाटते. पण पत्राच्या सुरुवातीला हे लिहायचंच असतं असं आई शेजारी बसून सांगत होती. आता ती भाजी बघायला उठून गेली आहे, तेव्हा खरं काय ते लिहिते.)

फोन का केला नाही म्हणशील, तर आपल्या गल्लीत फोन एकच, अंबूबाईंच्या एसटीडी बूथवरचा. तिथून बोलायचं म्हणजे दवंडी पिटायची. बूथला काचेचं दार आहे, पण ते अंबूबाईंनी कुंडी लावून कायमचं उघडं ठेवलंय, हवा खेळती राहावी म्हणून. म्हणून हे पत्र तुमच्या चंदगड गाडीच्या ज्ञानूकाकांच्या हाती देणार आहे. पाकीट तीन ठिकाणी डिंकानं चिकटवीन, कारण ज्ञानूकाका आप्पांचे मित्र आहेत आणि गाडी वाटेत चहाला थांबते.

तर आत्ती, मी दिल्लीला जाणार आहे. म्हणजे माझी निवड झाली आहे. जाणार की नाही ते शनिवारी कळेल. जिल्ह्यातल्या अकरावीच्या बारा मुलामुलींना 'विद्यार्थी नेतृत्व अभ्यास दौरा' म्हणून दहा दिवस राजधानीत नेणार आहेत. संसद दाखवणार, मोठमोठ्या अधिकाऱ्यांना प्रश्न विचारायला लावणार, आणि शेवटच्या दिवशी प्रत्येकानं आपल्या भागातल्या एका अडचणीवर तीन मिनिटं बोलायचं. जानेवारीत जायचं आहे. सोबत दोन सर आणि एक मॅडम आहेत, खर्च सगळा दौऱ्याचा. घरून फक्त तीन गोष्टी हव्यात: गरम कपडे, पांघरूण आणि वडिलांची संमतीपत्रावर सही. गरम कपडे झाले. पांघरूण झालं. सहीचं घोडं अडलंय. शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत तो कागद सरांच्या हातात पडला नाही तर माझी जागा विश्वजितला जाणार. विश्वजित यादीत तेराव्या नंबरवर आहे, आणि गेले आठ दिवस तो रोज मला घरी सगळं ठीक आहे ना असं फार मायेनं विचारतो.

तुझ्या भावाचा स्वभाव मी तुला काय सांगायचा! आप्पा नाही म्हणत नाहीत. नाही म्हणाले असते तर मी भांडले असते, रडले असते, दोन वेळा जेवले नसते आणि सही मिळाली असती. ते खूश आहेत. डेपोत त्यांनी पेढे वाटले. कंट्रोलरला म्हणाले, "पोरगी दिल्लीला निघाली, आता डेपोचं काय आसंल ते सांगा." (त्यावर खरंच चार जणांनी अर्ज दिले. एक कँटीनच्या छपराचा आहे. ते मी पिशवीत ठेवलेत, टाकवत नाहीत.) पण कागद पुढे केला की त्यांचा एकच प्रश्न, "तिथं वळखीचं कोण हाय?" सर आहेत म्हटलं, तर सर स्वतःच पहिल्यांदा जातायत. मॅडम आहेत म्हटलं, तर मॅडम सांगलीच्या. आता तू म्हणशील हा हट्ट आहे. पण ते कंडक्टर, आणि मी लहानपणापासून त्यांच्या एसटीत बसले आहे. गगनबावड्याच्या गाडीतून एखादी पोर एकटी फाट्यावर उतरायची असेल, तर तिला न्यायला घरचं माणूस दिसल्याशिवाय आप्पा बेल देत नाहीत. ड्रायव्हर ओरडतो, पॅसेंजर ओरडतात, आप्पा दारात उभे राहून रस्त्याकडे बघत राहतात. त्यामुळे मला त्यांच्यावर धड रागावताही येत नाही, आणि हीच सगळ्यात मोठी पंचाईत आहे.

मग सुरू झाली ओळख काढायची मोहीम. डेपोतल्या एका मेकॅनिकचा साडू दिल्लीत असल्याचं कळलं. आप्पांनी पत्ता आणला, आईनं त्याच्यासाठी शेंगदाण्याची चटणी कुटली, आणि मी पत्ता वाचला तर तो दिल्ली दरवाजा, औरंगाबाद. मग नवव्या गल्लीतल्या एका बाईंचा मुलगा मिलिटरीत आहे, तो दिल्लीत असतो म्हणून तिकडे गेलो. तो दिल्लीत होता, पण दिवाळीतच त्याची बदली जोधपूरला झाली. आप्पा नकाशा बघून म्हणाले, "जोधपूर काय लांब न्हाय, गरज पडली तर यील की." मी नकाशा मिटून ठेवला.

आणि मग कृष्णात पैलवान सापडला. गगनबावड्याकडचा आहे, पूर्वी आप्पांच्या गाडीनं तालमीला यायचा. दोन वर्षांपूर्वी दिल्लीत कुठल्याशा मेसमध्ये आचारी म्हणून गेला. आप्पांनी त्याच्या मेसचा नंबर मिळवला आणि आम्ही सगळे अंबूबाईंच्या बूथवर गेलो. (आम्ही सगळे म्हणजे आपलं घर, खालचं घर आणि अंबूबाईंकडे दुधाचं भांडं घेऊन आलेल्या तीन बायका.) फोन लागला. आप्पा इतक्या जोरात बोलले की फोन नसता तरी दिल्लीला ऐकू गेलं असतं. पलीकडून कृष्णात आधी हसला आणि मग रडायलाच लागला. दोन वर्षांत कुणी त्याच्याशी आपल्या बोलीत इतक्या मोठ्यानं बोललं नव्हतं. "मामा, पाठवा की पोरीला, म्या हाय की!" असं म्हणाला. आप्पांनी बूथमध्येच खिशाचं पेन काढलं. मी घरी कागद आणायला धावत सुटले. धावायला नको होतं, कारण परत येईपर्यंत आप्पांनी पेन खिशाला लावलं होतं. असली कामं घरी बसून निवांत करायची असतात म्हणाले.

पुढचे चार दिवस गल्लीनं कृष्णातसाठी सामान आणून दिलं. कांदालसूण चटणी, काकवी, एक जोड कापशी चप्पल, एक नारळ. आणि पाचव्या दिवशी सकाळी दारात कोण उभं? कृष्णात! फोनवर आप्पांचा आवाज ऐकून त्याला घर आठवलं, रात्रभर तांबड्या रश्श्याचा वास येत राहिला म्हणे, आणि गड्यानं मेस सोडून सरळ गाडी पकडली. आता तो कायमचा आला आहे. गावाकडे जाऊन म्हशी घेणार आहे. त्याचं सामान त्यानं आपल्याच घरून उचललं, नारळासकट. रविवारी आपल्याकडे जेवायला होता. तिसरी वाटी पांढरा रस्सा पिऊन झाल्यावर तोंड पुसत आप्पांना म्हणाला, "पर मामा, पोरीला कशाला धाडताय? तिथं आता आपलं कोणच न्हाय." मला पुढची वाटी त्याच्या डोक्यावर उपडी करावीशी वाटली. आईनं ती वेळेत काढून घेतली.

मधल्या काळात तयारी चालूच आहे, कारण सही नसली तरी भाषण हवंच. मी विषय घेतलाय, गाडी भरलेली म्हणून थांब्यावर न थांबता निघून जाते आणि खेड्यातल्या मुलींचं कॉलेज बुडतं. कंडक्टरच्या मुलीनं हा विषय घ्यावा का यावर मी दोन दिवस विचार केला. आप्पांना सांगितलं, तर म्हणाले, "घे की. पर आवाज चढीव. लीडर म्हंजी काय, भरल्या गाडीत मागच्याला पुढं सरकवतो तो लीडर." आणि सरावासाठी मला गेल्या शनिवारी सकाळी आपल्या गाडीत घेऊन गेले. कळे गाव सोडल्यावर मी दांडीला धरून उभी राहिले आणि सुरुवात केली, "आदरणीय मान्यवर आणि माझ्या देशबांधवांनो." एक म्हातारी म्हणाली, "बस की ग बाई, पडशील." मी बसले नाही. दोन मिनिटांत अख्खी गाडी ऐकत होती. तेवढ्यात पुढच्या थांब्यावर दप्तरं घेतलेल्या पाच पोरी दिसल्या, आणि गाडी भरलेली म्हणून ड्रायव्हरनं काही वेग कमी केला नाही. मग काय विचारतेस! सगळे आप्पांवर तुटून पडले. "ओ पावणं, पोरगी काय वरडून सांगतिया, ऐकू येत न्हाय व्हय?" आप्पांनी बेलची दोरी ओढली. गाडी पन्नास पावलांवर थांबली, पोरी पळत आल्या, आणि आप्पांनी स्वतः सगळ्यांना पुढं सरकवून त्यांना आत घेतलं. पुढे गगनबावड्यापर्यंत ते माझ्याकडे पाठ करून तिकिटं फाडत राहिले. उतरल्यावर म्हणाले, "भाषण ब्येस हाय. पर आता दिल्लीतच कर, माझ्या गाडीत नगं." मला वाटलं झालंच. लगेच कागद काढला. तर पुन्हा तेच, ओळखीचं कोण.

आत्ती, मला खरंच जायचं आहे गं. मला तिथं उभं राहून त्या पाच पोरींबद्दल बोलायचं आहे. आणि आप्पांनी मनापासून हो म्हणून मला गाडीत बसवावं असं वाटतं, सही ओढून घेतली म्हणून नाही. बाकी सर्व क्षेम. केंद्रातल्या डॉक्टरांना नमस्कार. गुडघ्याला जप.

तुझी लाडकी,
साक्षी

ता. क. १ : आई अजून आत आहे, म्हणून मुख्य गोष्ट आता लिहिते. रविवारी कृष्णातनं घाण केली तेव्हा मला काही सुचेना, आणि मी बोलून गेले की मीनाआत्तीची ट्रेनिंगची मैत्रीण आहे की दिल्लीत. आप्पांनी नाव विचारलं. मी शालूबाई म्हटलं. मग थांबताच येईना. तिला मी पोस्टात नवरा दिला, स्टेशनजवळ घर दिलं, दोन मुलं दिली. आईला एकदम बरं वाटलं. आप्पा एवढंच म्हणाले, "आक्का कधी बोलली न्हाय ती. इचारतो." तर आत्ती, त्यांनी विचारलं तर नाही म्हणू नकोस. तू खोटं बोलत नाहीस हे मला माहीत आहे. आप्पांची बिडी तूच आजोबांना सांगितली होतीस. पण एवढं एकदा.

ता. क. २ (बुधवार सकाळ, पाकीट पुन्हा फोडून) : उशीर झाला. आप्पांनी कालच डेपोतून तुझ्या केंद्रावर फोन केला होता! आत्ता ड्यूटीवर जाताना सांगितलं. त्यांनी विचारलं, दिल्लीची शालूबाई बाई म्हणून कशी आहे, आणि तू श्वाससुद्धा न घेता म्हणालीस, "शाली व्हय? लई जीवाची माझी. नवरा रेल्वेत हाय, तीन पोरं हाईत. बिनघोर धाड." आत्ती! तुला तर कुणी काहीच सांगितलं नव्हतं. तू कशी गं इतकी चांगली? मी ऐकताना चटणीचा डबा हातातून टाकला. आप्पा बूट घालता घालता म्हणाले, "पोस्टातनं रेल्वेत गेला आसंल, माझं काय म्हणणं न्हाय. पर दोनाची तीन कशी झाली? पंचवीस वरसं गाडीत डोकी मोजतोय म्या. एक डोकं जादा झालेलं कळत न्हाय व्हय मला?" मी सांडलेली चटणी गोळा करायला लागले. मग त्यांनी खिशाचं पेन काढलं, कागद मांडीवर घेतला आणि सही केली. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, रेघेच्या बाहेर जाईपर्यंत. म्हणाले, "आक्का जन्मात पयल्यांदा खोटं बोलली, ते तुझ्यासाठी. आता म्या कशाला मागं राहू? पर तिथं पोचलीस की पयला फोन अंबूबाईकडं. म्या तिथंच बसून असतो." मी त्यांच्या पाया पडले, आणि मग रडले, आणि त्यांची पहिली गाडी चुकली.

ता. क. ३ : आईला यातलं काही सांगायचं नाही असं आप्पांनी बजावलंय. तिला महिनाभर झोप नव्हती, शालूबाई सापडल्यापासून ती घोरते. तेव्हा शालूबाई आहेत आणि त्यांना तीन मुलं आहेत, असं आम्ही दोघांनी ठरवलंय. फक्त आई तिघांसाठी कानटोप्या विणायला बसली आहे. दोन झाल्या, तिसरीची लोकर घ्यायला ती उद्या बाजारात जाणार आहे आणि रंग कुठला म्हणून मला विचारतेय. तरी तिसरा मुलगा की मुलगी, ते ज्ञानूकाकांच्या परतीच्या गाडीनं नक्की कळव.