दातानं तोडायचं नाही

आप्पा, माझी नात, म्हणजे तुमची पणती, नर्सिंगला जाते. तेच सांगायला कागद घेऊन बसले. मंडी मोहल्ल्यातल्या आपल्या शिलाईच्या दुकानात चिंध्यांवर खडूनं मराठी अक्षरं तुम्हीच गिरवून घेतलीत. शाळा कन्नडची, तीही तिसरीत सुटली. तेव्हा चुकलं तर तुमचंच नाव सांगेन. आता आम्ही बोगादीला राहतो. तुमची मशीन खिडकीशी आहे, तेल मीच घालते. ते राहू दे.

गेल्या आठवड्यात पोरीला पहिल्यांदा वॉर्डात पाठवलं. पांढरे कपडे मीच शिवले, खिसा मुद्दाम खोल ठेवला. तीन दिवस चादरी बदलल्या, ताप बघितला. चौथ्या दिवशी सिस्टरनी एका म्हाताऱ्या अज्जांच्या पायाचं ड्रेसिंग करायला सांगितलं. तिनं हात धुतले, जखम पुसली, पट्टी गुंडाळली, सगळं नीट. आणि शेवटी चिकटपट्टीचं टोक दातात धरून तोडलं. सिस्टर सगळ्या मुलींसमोर म्हणाल्या, "तोंडातली पट्टी पेशंटला? घरी काय शिवणकाम करता का?" ही म्हणाली, "हो." मुली हसल्या.

घरी आली ती बूटसुद्धा न काढता पलंगावर पडली. "आज्जी, मी उद्यापासून जाणार नाही." तिची आई म्हणते, "राहू दे गं, बीकॉम कर." दातानं धागा तोडताना तिनं कुणाला बघितलंय? माझ्याच मांडीवर बसून मोठी झाली ती.

मग तुमचा तो दिवस आठवला. मी दहा वर्षांची, कुणाच्या तरी लग्नाच्या पोलक्याचा धागा दातानं तोडते आहे. तुम्ही मशीन थांबवता. "गिऱ्हाइकाच्या अंगाला लागायचं कापड. त्याला तुझी थुंकी कशाला?" मी रुसले, जेवले नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही बोटाएवढी कात्री आणलीत, नाडीत ओवून माझ्या गळ्यात घातलीत. "रुसायचं तर रुस, पण कामाला बसायचं."

तेच तिला सांगितलं. "रडायचं तर रड, पण उद्या वॉर्डात जायचं. सुम्ने, उगाच घरी बसायचं नाही." आणि माझा पाय पुढे केला. जुन्या धोतराच्या पट्ट्या फाडल्या, चिकटपट्टी मागवली, दहा वेळा बांधून घेतलं. दोनदा तिचं तोंड खाली गेलं, दोनदा टपली मारली. "तू पण दातानंच तोडतेस आज्जी." "आता नाही तोडणार." "बघू हां," म्हणाली, आणि पहिल्यांदा हसली.

सकाळी तुमची कात्री उकळून तिच्या खोल खिशात टाकली. परवा पुन्हा तोच पाय, सिस्टर शेजारी उभ्या. हिनं कात्री काढली. सिस्टरनी हातात घेऊन बघितली, स्पिरिटनं पुसून परत दिली. "कुणाची ही?" "आज्जीच्या आप्पांची." "बरं. उद्या सातला ये, उशीर नको." एवढंच. शाबासकी नाही, काही नाही. पण पोरीनं रात्रीच बूट पुसून दाराशी ठेवले. मी चिरोटी केली. तुम्हाला आवडायची म्हणून दोन जास्त, ती मीच खाल्ली.

पत्र मशीनच्या खणात ठेवते. एक तेवढं सांगायचं राहिलं. कात्री इतकी वर्षं नव्यासारखी का राहिली, तर तुम्ही गेल्यावर मी ती वापरलीच नाही. काल पोरगी ड्युटीवर गेली, मी उशीचा अभ्रा शिवला, आणि धागा दातानंच तोडला. कात्री तिच्याकडे होती ना.